पंक्चरवाल्याचा मुलगा

2005 साली माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती. मुलीकडच्यांना द्यायच्या कागदावर 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना होता. पेन हातात धरून मी बराच वेळ बसलो आणि शेवटी 'सायकल व्यवसाय' असे लिहिले. मुलीच्या मामूंनी कागद वाचून विचारले, "एजन्सी आहे का? अ‍ॅटलासची की हिरोची?" मी काहीतरी पुटपुटलो. अब्बा शेजारीच बसले होते. त्यांना उर्दू छान वाचता येते, मराठी मात्र अक्षर जुळवत वाचतात. घरी येताना त्यांनी विचारले, "कागज में क्या लिखा था?" मी म्हणालो, "सायकलचे काम." त्यांनी मान हलवली. पुन्हा तो विषय काढला नाही.

वलगावच्या बसस्टँडजवळ, कडुनिंबाखाली, टिनाच्या शेडमध्ये अब्बांचे दुकान होते. पंक्चर, ओव्हरहॉल, हवा भरणे आणि भाड्याच्या सायकली. बारा सायकली होत्या, आठ मोठ्या आणि चार लहान पोरांसाठी. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेले. पाच नंबरची अ‍ॅटलास सगळ्यात हलकी चालायची, तिच्यासाठी पोरांची भांडणे होत. माझ्या लहानपणी तासाला पन्नास पैसे भाडे होते, पुढे रुपया झाला. अमरावतीहून बसने उतरणारे आजूबाजूच्या खेड्यांतले लोक सायकल घेऊन पुढे जायचे आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे. अनामत काही नाही. वहीत नाव, गाव, नंबर आणि वेळ, बस. ती वही अब्बा उर्दूत लिहीत, त्यामुळे गिऱ्हाइकाला आपल्या नावापुढे काय लिहिले ते कळत नसे. पण अब्बांच्या वहीवर कोणी वाद घातल्याचे मला आठवत नाही.

मी आठव्या वर्षी चार नंबरवर कैची मारायला शिकलो. दहाव्या वर्षी पंक्चर काढायला. शाळा सुटली की दप्तर खांबाला अडकवायचे आणि पाण्याच्या घमेल्यापुढे बसायचे. ट्यूब बुडवायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचे, तिथे काडी धरायची, पुसून कोरडी करायची, कानशीने खरवडायची, सोल्युशन लावायचे आणि थांबायचे. हे थांबणे मला कधीच जमले नाही. मी घाई करी, ठिगळ सुटे आणि अब्बा पुन्हा सगळे करायला लावत. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचाच, हा त्यांचा दुसरा नियम. आमच्याकडे बाभळीच्या काट्यांना तोटा नाही. काटा टायरमध्येच राहिला तर गिऱ्हाईक संध्याकाळी परत येते आणि त्यात आपली इज्जत जाते, असे ते म्हणत.

पुढे अमरावतीला शिकायला गेलो तेव्हा वर्गातल्या एका मुलाने माझ्या नखांतले काळे बघून "ए पंक्चर" अशी हाक मारली. ते नाव वर्षभर टिकले. मी रॉकेलने नखे घासायचो. डी.एड.ला गेल्यावर ठरवून टाकले की आता दुकानात बसायचे नाही.

2003 मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागलो. त्या योजनेत पहिली तीन वर्षे महिन्याला तीन हजार रुपये मानधन. नवी नवरी घरात आली ती त्याच काळात, आणि घर चालत होते ते दुकानावर. हे मी तेव्हा कोणाजवळ कबूल केले नाही. 2006 मध्ये कायम झालो, पगार सुरू झाला आणि दुसऱ्याच महिन्यात अब्बांना म्हणालो, "आता बस झाले, आराम करा." भाड्याचा धंदा तर आधीच संपला होता. आधी लुना आल्या, मग हप्त्यावरच्या मोटारसायकली, आणि तासावर सायकल नेणारा माणूस दिसेनासा झाला. पण पंक्चर-दुरुस्तीचे काम अजून होते. अब्बा काही बोलले नाहीत. बारापैकी उरलेल्या सात सायकली भंगारवाल्याने किलोवर नेल्या. पाच नंबर हातगाडीवर चढवताना तिचे पुढचे चाक फिरत राहिले होते, ते अब्बांनी हाताने थांबवले. मी आरामाचे बोललो होतो, पण मनात माझ्या मुलांच्या शाळेचा दाखला होता. त्यांच्या आजोबांचा धंदा कोणी विचारला तर?

असो. पंधरा-सोळा वर्षे मोटारसायकलवर गेली. शाळा घरापासून सात किलोमीटर, तेवढेही अंतर गाडीवर. मग 2023 च्या उन्हाळ्यात डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली म्हणून तपासणी केली. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती एचबीएवनसी नावाची तपासणी, तिचा आकडा 7.8 आला. साडेसहाच्या वर गेले की मधुमेह धरतात. वजन ब्याऐंशी किलो, वर गुडघा दुखतो म्हणून चालणे बंद. अमरावतीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि विचारले, "शाळेत कसे जाता?" मी सांगितले. "किती अंतर?" तेही सांगितले. "मग सायकलने जा. गुडघ्यावर वजन येत नाही." एवढे बोलून त्यांनी पुढच्या पेशंटचे नाव पुकारले.

घरी येऊन पत्नीला सांगितले तर ती हसली. "ज्या घरातून बारा सायकली गेल्या, त्या घरात आता एक विकत घ्यायची?"

अमरावतीत शिकणारा एक मुलगा गावाकडे परत चालला होता, त्याची गिअरची सायकल साडेसहा हजारांना मिळाली. मी ती इशाच्या नमाजनंतर अंधारात घरी आणली. दिवसा आणायची हिंमत झाली नाही, खोटे कशाला बोलू. अंगणात अब्बा बाजेवर पडले होते. वय ऐंशीच्या जवळ, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, हाताला थोडा कंप. मी सायकल ढकलत दारातून आत घेतली आणि त्यांनी डोळेही न उघडता म्हटले, "फ्रीव्हील सूखी है. तेल डाल."

सतरा वर्षांत आमच्या घरात सायकलचा शब्द निघाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सायकल उलटी करायला लावली. पुढचे चाक धरून आडवे हलवले, "कोन ढीला." मागचे फिरवले, "दो सूत आउट." गिअर बदलणारी ती लोंबती यंत्रणा मात्र बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, "इतने पुर्जे? बिघडेल तेव्हा कोण करणार?" मग मला वर बसवले. मी सीट खाली ठेवली होती, पाय टेकावेत म्हणून. ते म्हणाले, टाच पायंडलवर ठेव, पायंडल पार खाली ने, गुडघा सरळ झाला पाहिजे. सीट चार बोटे वर गेली. माझा गुडघा ज्या चालवण्याने दुखणार होता ते तिथेच सुटले. त्या डॉक्टरांनी सायकल सांगितली, सीटची उंची नाही सांगितली.

पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. नाल्यावरच्या पुलाच्या साध्या चढावर धाप लागायची. आणि त्याहून वाईट म्हणजे लोक. "काऊन मास्तर, गाडी इकली का?" "पेट्रोल लय महाग झालं बापा!" शाळेतली पोरे फाटकाशी उभी राहून टाळ्या वाजवायची. मी सगळ्यांना डॉक्टरांचे नाव सांगे. मधुमेह झाला हे सांगायला लाज वाटत नव्हती, आणि सायकल चालवायला आवडते हे सांगायला वाटत होती. हा कसला हिशेब, हे मला आजही कळलेले नाही.

पण आवडत होते. फजर पढून निघायचे, रस्त्यावर कोणी नसे. थंडीत पेढी नदीवर धुके असते, तुरीच्या शेतांचा ओला वास येतो. वलगावजवळचा हा पेढीचा पूल आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे, 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी इथेच शेवटचा श्वास घेतला. आयुष्यभर हातात खराटा घेऊन गावे झाडणारा माणूस. लहानपणी पाच नंबरवरून मी या पुलावर हात सोडून जायचो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एक दिवस कोणी बघत नाही हे पाहून दोन्ही हात सोडले, तीनेक सेकंद. छाती धडधडत होती, पण सायकल सरळ गेली.

याच पुलाजवळ मला तो ग्रुप भेटला. दर रविवारी अमरावतीहून पंधरा-वीस जण हेल्मेट घालून, मागे लाल दिवे लुकलुकत, वलगाववरून पुढे जातात. दोन-तीन रविवार मी कडेला उभा राहून बघितले. चौथ्या वेळी त्यांच्यातल्या एका बाईंनी हात केला, "चला सर, आसेगावपर्यंत!" मी म्हणालो, माझ्याकडे हेल्मेट नाही. त्या म्हणाल्या, मग आज मागे राहा, पुढच्या रविवारी घेऊन या, त्याशिवाय घेत नाही. तो त्यांचा नियम आहे. हेल्मेट, मागचा दिवा, एकामागे एक ओळ, आणि सगळ्यात शेवटी एक अनुभवी माणूस, जो कोणालाही मागे सोडून पुढे जात नाही. मला हा शेवटच्या माणसाचा नियम फार आवडला. महिनाभर तो माणूस माझ्याच मागे असायचा.

ग्रुपमध्ये डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, विमा एजंट, निवृत्त बँकवाले काका, एक पोलीस, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कॉलेजात शिकणारी एक मुलगी. माझी अडचण एकच होती, ते अमरावतीहून अंधारात निघत आणि ती वेळ फजरची. पण वलगावला पोचेपर्यंत माझी जमात होऊन गेलेली असे, त्यामुळे मला कोणाला काही सांगावेच लागले नाही. चहाच्या टपरीवर गप्पा चालत त्या मोठ्या मोठ्या. नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर, बारा दिवसांच्या आत एकट्याने गेले. त्याच वर्षी नाशिकचे श्रीनिवास गोकुलनाथही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी विशीच्या आतबाहेर असताना, 2018 मध्ये, सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. आमच्यातल्या दोघांना 'ब्रेव्हे'चे वेड आहे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 600 किलोमीटर चाळीस तासांत, बक्षीस काही नाही, नुसते पूर्ण करायचे. मी हे सगळे तोंड उघडे ठेवून ऐकायचो. अब्बांच्या दुकानातली सर्वांत लांबची सायकल चांदूर बाजारपर्यंत गेली होती आणि चार दिवस आली नाही म्हणून अम्मी, अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो, जेवली नव्हती.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी ती गोष्ट घडली. चहासाठी थांबलो असताना एकाच्या सायकलची हवा गेली. त्याच्याजवळ जास्तीची ट्यूब नव्हती, पंक्चर काढणे कोणालाच येत नव्हते. एक जण हसत म्हणाला, "आपल्यात एखादा पंक्चरवाला भाई पाहिजे होता राव. त्यांचं कामच ते." मग त्याचे माझ्याकडे लक्ष गेले. "सर, तुम्हाला नाही हां!"

मी हसलो. सगळ्यांबरोबर हसलो.

घरून कोणाला तरी चारचाकी घेऊन बोलावले गेले. तास गेला. ते काम माझे दहा मिनिटांचे होते. मी चहाचा दुसरा कप घेतला आणि हात खिशात घालून उभा राहिलो.

मोबाइलवर आपल्या समाजाला टोमणा मारायचा असला की हा शब्द वापरतात हे आपण सगळेच रोज पाहतो. त्याने मला इतके लागले नसते. त्या माणसाला मी आता ओळखतो, त्याच्या मनात विष नाही, जीभ सैल आहे. मला लागले ते माझे हसणे. कारण त्याच्या आधी तीस वर्षे मी हाच विनोद स्वतःवर करत होतो, रकान्यात 'सायकल व्यवसाय' लिहून.

रात्री झोप लागेना. मी शाळेत दरवर्षी पोरांना राइट बंधूंची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या डेटन गावात 1892 पासून त्यांचे सायकल विकण्या-दुरुस्तीचे दुकान होते. 17 डिसेंबर 1903 रोजी जे विमान उडाले त्याचे पंखे फिरवायला सायकलसारखीच चेन आणि दाताळी चाके होती. पोरांना सांगतो, बघा, कोणतेही काम हलके नसते. वीस वर्षांत एकदाही मला त्या वर्गात "माझे वडीलही सायकली दुरुस्त करायचे" हे वाक्य बोलता आले नाही. जुम्म्याच्या बयानात हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्या हाताच्या कमाईचा उल्लेख कितीदा ऐकला असेल, मान डोलावली असेल. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात लिहून ठेवले आहे की आपल्या समाजात नोकरीपेक्षा स्वतःच्या हिमतीवर छोटा धंदा करून जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून जास्त आहे. अब्बांचे दुकान मी बंद केले तेही 2006 मध्येच. कोणी भांडवल न देता, कोणापुढे हात न पसरता चाललेला धंदा, आणि त्याची लाज कोणाला, तर त्या धंद्यावर शिकलेल्या मुलाला.

पंक्चरचीही एक गोष्ट आहे, ती मला नंतर वाचनात सापडली. आधी सायकलला भरीव रबर असे, त्यामुळे पंक्चर नव्हतेच. 1888 मध्ये बेलफास्टला डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने हवेचे टायर बनवले, कारण त्याच्या लहान मुलाला तीनचाकी सायकलवर धक्के बसत होते. ही गोष्ट मी अब्बांना सांगितली. ते म्हणाले, "बेटे के वास्ते बनाया?" आणि थोड्या वेळाने, "अच्छा आदमी होगा."

मी पलंगाखालची टिनाची पेटी काढली. भंगारवाल्याला अब्बांनी ती दिली नव्हती, एवढे मला माहीत होते. आत पाने, टायर काढायच्या पट्ट्या, कानस, छर्ऱ्यांची डबी, तारा आवळायची छोटी गोल चावी. सगळे तेल लावून कपड्यात गुंडाळलेले. तेल ताजे होते. म्हणजे इतकी वर्षे ते मधूनमधून ही पेटी उघडत होते आणि मला पत्ता नव्हता. माझ्या मुलीला मात्र होता. नववीतल्या त्या पोरीने शांतपणे सांगितले, "दादांनी मला माझ्या सायकलचे पंक्चर काढायला सातवीतच शिकवले. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

मग आमचे वर्ग सुरू झाले. अब्बांचा हात थरथरतो, चावी धरता येत नाही, पण कान शाबूत आहेत. चाक फिरवायचे, एकेक तार बोटाने छेडायची, ते बाजेवरून ऐकत. "ये ढीली. इसके बाजूवाली टाइट." रिंग ज्या बाजूला झुकली असेल तिच्या विरुद्ध बाजूच्या तारा आवळायच्या, एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. घाई केली की रिंग आठाच्या आकड्यासारखी होते. मी घाई केली. झाली. त्यांनी सगळ्या तारा ढिल्या करून पुन्हा पहिल्यापासून करायला लावले, चाळीस वर्षांपूर्वीसारखेच. एका संध्याकाळी हातातले काम थांबवून मी विचारले, "दुकान बंद केले तेव्हा वाईट वाटले होते का?" ते चाकाकडे बघत राहिले. "जून महिन्यात अ‍ॅटलासचा कारखाना बंद झाला, पेपरात आले होते ना, लॉकडाऊनच्या साली? त्या दिवशी वाटले." माझ्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते. किंवा होते. 3 जून 2020, जागतिक सायकल दिन, त्याच दिवशी साहिबाबादचा कारखाना बंद झाला होता. मला त्या दिवशी ते सबंध दुपार गप्प होते हे आठवले. मी समजलो होतो, उन्हाने असेल.

गेल्या जानेवारीत ग्रुपने परतवाड्याची फेरी ठरवली. अमरावतीपासून जाऊन-येऊन साधारण शंभर किलोमीटर. मी वलगावहून निघणार म्हणून माझे ऐंशीच भरतात, यावरून आठवडाभर माझी चेष्टा चालली होती. त्या दिवशी मी पेटीतली छोटी चावी, दोन पट्ट्या, सोल्युशन आणि ठिगळे पिशवीत टाकली. पत्नीने बघितले, काही बोलली नाही, वर एक जुना कपडा टाकला, हात पुसायला.

जाताना छान गेलो. परतवाड्याला नाश्ता झाला, काही तरुण मंडळींना चिखलदऱ्याचा घाट खुणावत होता, त्यांना मोठ्यांनी आवरले. परतीला आसेगावच्या अलीकडे त्या व्यायाम मंडळाच्या कॉलेजातल्या मुलीचे मागचे चाक खड्ड्यात आदळले. एक तार तुटली, रिंग ब्रेकला घासू लागली, चाक फिरेना. उन्ह चढले होते. पुन्हा फोन निघाले, गाडी बोलवायची बोलणी सुरू झाली. ती मुलगी रडवेली झाली होती, तिची ती पहिलीच शंभरची फेरी.

मी पिशवी उघडली.

सायकल उलटी केली. तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली, ब्रेक सैल केला, दोन्ही बाजूंच्या तारा पाव पाव फेऱ्याने सोडत-आवळत गेलो. ज्याने तो विनोद केला होता तोच समोर बसून चाक धरून होता. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली तेव्हा मी थांबलो, तारेचा आवाज ऐकू येईना म्हणून. वीस मिनिटे लागली. अब्बांनी आठात केले असते. चाक फिरले, अगदी सरळ नाही, पण घरी नेण्याइतके.

"सर, हे कुठे शिकलात?" त्यानेच विचारले.

माझ्या तोंडात 'सायकल व्यवसाय' आलाच होता. सवय जात नाही. मग म्हणालो, "माझे वडील पंक्चर काढायचे. वलगावला, बसस्टँडजवळ. मी पण काढायचो."

तो काही बोलला नाही. कानापर्यंत लाल झाला आणि पाण्याची बाटली माझ्या हातावर ओतत राहिला, काळे धुवायला. बाटली पूर्ण रिकामी केली. उन्हात तेवढेच पाणी त्याच्याजवळ होते.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते, पण पुढच्या रविवारपासून नवीनच त्रास सुरू झाला. "सर, जरा माझा ब्रेक बघा ना." "सर, गिअर अडकतो." "सर, सर्व्हिसिंग करून द्याल का?" मी ग्रुपचा मेंबर राहिलो की मिस्त्री झालो, हेच कळेना. एके दिवशी चिडून घरी आलो आणि अब्बांसमोर बोललो, हे लोक मला फुकटचा पंक्चरवाला समजायला लागले. अब्बा म्हणाले, "फुकट क्यूं करता? पैसे ले." मी म्हणालो, मेंबरांकडून पैसे कसे घेणार? ते म्हणाले, "मग शिकव. सिखाने में इज्जत है, उधारी में नहीं."

म्हणून फेब्रुवारीच्या एका रविवारी फेरी आमच्या अंगणातच थांबली. सतरा माणसे, सतरा सायकली, गल्लीत पोरांची गर्दी. पत्नीने खिचडा केला होता. अब्बांना मी खुर्चीवर बसवले, त्यांनी इस्त्रीचा पायजमा घातला होता, दाढी नीट केली होती. पुढ्यात पाण्याचे घमेले. माझी मुलगी पट्ट्या घेऊन शेजारी. अब्बांचे हिंदी, माझे मराठी, आणि मध्ये डॉक्टरांचे इंग्रजी, असा तो वर्ग चालला. काही सायकलींना ते बारीक फ्रेंच वॉल होते, त्यांना आमचा पंप लागेना, तेव्हा अब्बांनी ते पितळी टोक भिंगातून बघितले आणि असे वॉल आपल्या दुकानात एकदाच आले होते, एका पाहुण्याच्या सायकलला, असे सांगितले. खरे की खोटे अल्लाहलाच माहीत.

विनोद करणाऱ्या त्या गृहस्थाची पाळी आली. त्याने ट्यूब बुडवली, बुडबुडा सापडला, खूष झाला. खरवडले, सोल्युशन लावले आणि लगेच ठिगळ उचलले.

"रुको," अब्बा म्हणाले.

तो थांबला. मिनिटभराने पुन्हा ठिगळ उचलले.

"अभी नहीं."

सगळे हसू लागले. अब्बांनी थरथरते बोट सोल्युशनवर हलकेच टेकवून बघितले, बोटाला चिकटत होते. त्यांनी मान हलवली आणि त्या माणसाला विचारले, तुझे वडील काय करायचे? तो म्हणाला, तहसील कचेरीत शिपाई होते. हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. अब्बा म्हणाले, "फिर तो तुमको इंतजार करना आना चाहिए," आणि पुन्हा बोट टेकवून बघितले. मग टायर त्याच्या हातात देऊन म्हणाले, सोल्युशन वाळेपर्यंत आतून बोट फिरव, काटा अजून आतच असेल.

होता.